मदत हवी आहे: 'सर्दीची गोळी द्या' म्हणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या पेशंटला काउंटरवर काय विचारावं?

नवा_फार्मासिस्ट
मंडळी, सिंहगड रोडच्या एका मेडिकलमध्ये काउंटर सांभाळतो. डी.फार्म., रजिस्ट्रेशन आहे. गणपती उरकले की दिवाळीपर्यंत एकच मागणी: "सर्दीची गोळी द्या, झोप न येणारी." ताप नसतो, नाक पाण्यासारखं वाहतं, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची रांग लागते. तीन गोष्टी हव्या आहेत. साधी सर्दी की अ‍ॅलर्जी हे पटकन कसं ओळखावं? डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे 'काही उपयोग नाही' म्हणून परत आणतात, त्यांना काय सांगावं? आणि डॉक्टरकडे कधी पाठवावं? मालक म्हणतात, गर्दीत चौकशा करत बसू नकोस.

औषधवाले_काका
आधी खाज विचारा. नाक, डोळे, टाळू खाजत असेल आणि एकापाठोपाठ शिंका येत असतील तर अ‍ॅलर्जीकडे बोट जातं. अंगदुखी, घसादुखी, थोडा ताप आणि आठ-दहा दिवसांत बरं वाटणं ही साधी सर्दी. मग विचारा, दरवर्षी याच सुमारास होतं का? आठवड्यातून चार दिवस किंवा जास्त, आणि सलग चार आठवडे किंवा जास्त चालू असेल तर 'एरिया' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तो सततचा प्रकार. त्यात अधूनमधून गोळी घेऊन भागत नाही. त्रास शून्य ते दहात किती, हेही विचारा. पाच किंवा वर म्हणजे ताबा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: "आधीपासून काय घेताय?" क्लोरफेनिरामाइन, फेनिलएफ्रिन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लोक चणे-फुटाण्यासारखी खातात. बीपीवाल्यांना, प्रोस्टेटच्या त्रासाने लघवी अडणाऱ्यांना आणि काचबिंदू असलेल्यांना ती नको. वर पुन्हा डोकेदुखीसाठी वेगळं पॅरासिटामॉल चालू असतं, ते बेरजेत धरा.

झोप न येणारी हवी असेल तर फेक्सोफेनाडिन बरी, अ‍ॅलर्जीच्या सर्दीला मोठ्यांचा डोस १२० मिग्रॅ. ती साध्या पाण्यानेच घ्यायची. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. पित्तासाठी अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं जेल घेत असतील तर दोन तासांचं अंतर ठेवा. सेटिरिझिनने झोप येऊ शकते म्हणून ती रात्री द्यावी, दुचाकी चालवणाऱ्याला ही सूचना तोंडी देणं भाग आहे. पाकिटावर लाल उभी पट्टी आणि शेड्यूल एच छापलेलं असेल तर चिठ्ठीशिवाय नाही. बाजारात काय चालतं ते आपल्याला माहीत आहे, पण रजिस्ट्रेशन तुमच्या नावाचं आहे, मालकाच्या नव्हे. शिवाय २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे. मालकांना हे दाखवा.

निशिगंधा
स्प्रेचं मी सांगते, कारण 'उपयोग नाही'मागे बहुतेक वेळा औषध नसतं, हात असतो.

पहिलं: फ्लुटिकासोन, मोमेटासोन हे स्टेरॉइड स्प्रे रोज मारायचे असतात. पूर्ण फरक दिसायला काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. शिंक आली की एकदा मारणारा माणूस चार दिवसांत कंटाळतो.

दुसरं: पद्धत. दुकानात रिकामी बाटली ठेवा आणि करून दाखवा. नाक शिंकरून साफ करायचं. बाटली हलवायची. नवी असेल तर हवेत दाबत राहायचं, बारीक धुकं निघेपर्यंत. औषधानुसार साधारण सहा ते दहा दाब लागतात, आकडा पत्रकात असतो. मान किंचित खाली. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने; म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर मारलं की तो कोरडा पडतो आणि रक्त येतं. 'स्प्रेने घोळणा फुटला' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं. दाबताना श्वास हलका घ्यायचा. जोरात ओढला तर औषध घशात उतरतं, कडू लागतं आणि नाकाला काही मिळत नाही. शेवटी टोक पुसून टोपण.

आणखी एक खूण: १२० दाबांची बाटली, रोज दोन्हीकडे दोन-दोन दाब, म्हणजे महिनाभर पुरते. तीच बाटली तीन महिने चालली असेल तर औषध बदलून काही होणार नाही.

नाकघसा
डॉक्टरकडे कधी, त्याबद्दल. एकाच बाजूचं नाक बंद किंवा वाहतंय, रक्त किंवा दुर्गंधी, चेहरा दुखतोय, ताप, छातीत शिट्टी वाजते किंवा दम लागतो, गरोदर बाई, लहान मूल: यातलं काही असेल तर दुकानात वेळ घालवू नका. दम्याचं नक्की विचारा, नाकाच्या अ‍ॅलर्जीबरोबर तो बऱ्याचदा असतो.

झायलोमेटाझोलिन-ऑक्सिमेटाझोलिनचे नाक मोकळं करणारे थेंब लोकांना तितकेच 'नाकाचा स्प्रे' वाटतात, नेमका फरक करून सांगा. ते तीन ते पाच दिवसांपुरते. पुढे वापरले की थेंबांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग पुन्हा थेंब. महिनोनमहिने अडकलेले असतात. सोडवताना स्टेरॉइड स्प्रे चालू करून आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करतात, मग दुसरीतले, पण ते आमच्याकडे, म्हणजे डॉक्टरकडे पाठवून.

लिव्होसेटिरिझिन-मॉन्टेलुकास्टची जोडगोळी आपल्याकडे भरमसाठ खपते. मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०२० मध्ये ठळक चौकटीतला इशारा घातला: वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. घरचं कुणी "मुलगा हल्ली वेगळंच वागतो" म्हणालं तर ती गोळी आठवा आणि लगेच डॉक्टरांना कळवायला सांगा. बीटामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइडची गोळी 'दोन दिवस' म्हणून देऊ नका, आणि महिनाभर पुरणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन मागणाऱ्यालाही सरळ नाही म्हणा.

अ‍ॅलर्जीची त्वचा-चाचणी ठरली असेल तर अँटिहिस्टामिन (सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिनसारख्या) गोळ्या आधी साधारण आठवडाभर बंद ठेवायला सांगतात. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे चालू राहिला तरी चालतो.

नवा_फार्मासिस्ट
खूप मोलाचं. मिठाच्या पाण्याचं काय? जलनेती करणारे बरेच येतात.

औषधवाले_काका
ते बिनधास्त सुचवा. अर्धा लिटर पाण्यात सपाट एक चहाचा चमचा बिनआयोडीनचं मीठ, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी किमान एक मिनिट खळाखळा उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं तसंच कधीच नाही. नळाच्या पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूत गेल्याची उदाहरणं दुर्मिळ आहेत, पण जिवावर बेतणारी आहेत. नाक धुतल्यावर पंधरा मिनिटांनी स्प्रे. लोटा रोज धुऊन वाळवायचा.

टेकडीप्रेमी_वनस्पती
पुण्याचं कॅलेंडर डोक्यात ठेवा. पाऊस ओसरला की गवतं आणि गाजरगवत फुलतात. गाजरगवताची भारतात ठळक नोंद १९५५ च्या सुमारास झाली ती पुण्यातच, त्यामुळे तळजाई-वेताळ टेकडीला दोष देण्यात अर्थ नाही, प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर ते आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वावळाच्या झाडाचे परागकण. दरवर्षी ठरावीक महिन्यात त्रास होणाऱ्याला डॉक्टरांकडून स्प्रे आधी, हंगामाच्या एक-दोन आठवडे अगोदर चालू करून घ्यायला सांगता येतं. बारमाही शिंकणाऱ्याचं मात्र वेगळं: गादी-उशीतले धुळीतले कीटक. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे.

निशिगंधा
मालकांसाठी तोडगा: गर्दीत चारच प्रश्न. खाज आहे का, किती दिवस, दमा आहे का, काय घेताय. अर्ध्या मिनिटात होतात. स्प्रेचं प्रात्यक्षिक दुपारी दोन-चारच्या सुमारास ठेवा, तेव्हा तसंही दुकान रिकामं असतं.