स्टिंगरवर किआचं नाव चुकलं का?

रस्ताभर (धागाकर्ता)

कोरियाच्या किआने २०१७च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार शोमध्ये स्टिंगर ही गाडी दाखवली आणि २०२३मध्ये ती बनवणं बंद केलं. जाता जाता एक हजार गाड्यांची 'ट्रिब्यूट' आवृत्ती काढली, तेवढंच. तेव्हापासून तिचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "गाडी झकास होती हो, पण किआ होती ना." म्हणजे एवढ्या भारी गाडीवर किआचा साधा बिल्ला नको होता. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छत, जोर मागच्या चाकांवर, हवा असेल तर चारही चाकांवर. वरच्या मॉडेलला ३.३ लिटरचं सहा सिलिंडरचं व्ही६ इंजिन, त्याला दोन टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबून जोर वाढवणारे पंखे. अमेरिकेतल्या गाडीत ते ३६५ हॉर्सपॉवर द्यायचं. शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत, कमाल वेग ताशी २७० किलोमीटर, ब्रेक ब्रेम्बो या नावाजलेल्या इटालियन कंपनीचे. किआचं डिझाइन तेव्हा पीटर श्रायर यांच्या हाती होतं. ते २००६मध्ये फोक्सवॅगन-आउडीच्या घरातून आले. आउडी टीटीच्या मागे त्यांचंच नाव आहे. आणि गाडीची चाल बसवली अल्बर्ट बीअरमान यांनी. हा माणूस बीएमडब्ल्यूच्या एम या तेज गाड्यांच्या विभागात इंजिनिअरिंगचा प्रमुख होता, २०१५मध्ये कोरियाच्या कंपनीत आला. स्टिंगरच्या चाचण्या जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर झाल्या. वळणात गाडी कशी कलते, स्टिअरिंग किती बोलतं, या बारीकसारीक गोष्टी तिथे घासूनपुसून घेतल्या गेल्या.

आता कंपनी कोण, तर १९४४मध्ये सायकलचे सुटे भाग बनवायला सुरुवात केलेली. १९९७मध्ये दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी ह्युंदाईने ताबा घेतला. तिथून वीस वर्षांच्या आत ही गाडी. मला तर याचंच भारी कौतुक वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की किआने आपल्या नावाने ही गाडी काढली ते बरोबरच केलं. चूक झाली ती पुढे. एका पिढीत हात आखडता घेतला. बीएमडब्ल्यूची ३ सिरीज १९७५पासून पिढ्यानपिढ्या चालू आहे, म्हणून आज ते नाव आहे. तीही पहिल्या पिढीत गुंडाळली असती तर आज तिच्याबद्दलही लोक "होती बुवा एक" असंच म्हणाले असते.

ताळेबंद

रस्ताभर, लेखन नेहमीप्रमाणे तळमळीचं, पण मी असहमत.

आधी आकडे. अमेरिकेत २०१८ हे स्टिंगरचं पहिलं पूर्ण वर्ष. विक्री सतरा हजारांच्या आत. पुढे तेवढीही कधी झाली नाही. ही कंपनी त्या देशात वर्षाला साडेपाच-सहा लाख गाड्या विकत होती. एवढ्याशा विक्रीसाठी मागच्या चाकांवर जोर देणारा वेगळा सांगाडा, वेगळं सस्पेन्शन, वेगळी जाहिरात? २०१८च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला जाहिरात केली, त्यात रॉक गायक स्टीव्हन टायलर गाडी उलटी पळवतो आणि तरुण होतो. पैसा ओतला नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही कंपनीच्या नावाची बाजू घेताय, पण खुद्द कंपनीला त्या नावाचा भरवसा होता का? दक्षिण कोरियात, म्हणजे स्वतःच्या घरी, स्टिंगरच्या नाकावर किआचा बिल्ला नव्हताच. 'ई' अक्षराच्या आकाराचं वेगळं चिन्ह लावलं होतं. घरचेच नाव झाकत असतील तर परक्या गिऱ्हाईकाने का भुलावं?

आणि फोक्सवॅगनची फेटन ही आलिशान गाडी विसरलात? कंपनीचे तेव्हाचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांचा हट्ट. जर्मनीत ड्रेस्डेनला तिच्यासाठी काचेचा कारखाना उभारला. बाहेर पन्नास अंश तापमान असताना ताशी ३०० किलोमीटरने दिवसभर पळवली तरी आत बावीस अंश राहिले पाहिजेत, अशी त्यांची अट होती म्हणतात. गाडी खरोखर उत्तम झाली. पण अमेरिकेतून २००६मध्ये गाशा गुंडाळला आणि २०१६मध्ये उत्पादनच थांबलं. तीच मांडणी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वापरून फोक्सवॅगनच्याच मालकीच्या बेंटलीने कॉन्टिनेन्टल जीटी काढली, ती मात्र लोकांनी डोक्यावर घेतली. आतली विद्या तीच, बिल्ला निराळा.

हॅचवाला

एक दुरुस्ती. सगळे सेडान म्हणतात, पण स्टिंगर सेडान नाही. मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उघडते, म्हणजे लिफ्टबॅक. फरक छोटा नाही. पाठीमागची सीट पाडली की सायकलचं पुढचं चाक काढून ती अख्खी आत जाते. बीएमडब्ल्यूची ४ सिरीज ग्रान कूपे याच जातीची. बाकी ताळेबंद यांच्या मुद्द्याशी सहमत.

मधली सीट

माझा धाकटा भाऊ मेलबर्नला असतो. त्याने स्टिंगरचं व्ही६ मॉडेल सेकंड हँड घेतलं. आम्ही गेलो तेव्हा ग्रेट ओशन रोडला सगळे निघालो, आई आणि माझा मुलगा खिडक्यांशी, मी मधे. माझं नाव तिथूनच पडलं म्हणा.

मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टसाठी मधे जो उंचवटा असतो, तो या गाडीत चांगला घोट्याच्या वरपर्यंत येतो. एक पाय इकडे, एक तिकडे. छत मागे उतरतं म्हणून मान किंचित वाकवून बसायचं. दोन चाकांमधलं अंतर २,९०६ मिलिमीटर, कागदावर मोठं दिसतं, पण ते अंतर बॉनेटने खाल्लंय. आईला बसता-उठताना दाराची चौकट धरावी लागायची, इतकी सीट खाली.

परतताना मी पुढे बसले. ती वेगळीच गाडी. मधे विमानाच्या इंजिनासारख्या तीन गोल जाळ्या, हाताखाली शिवणीचं कातडं, आणि वळणामागून वळण येत असताना पोटात ढवळलं नाही. मला एरवी घाटात हटकून उलटीसारखं होतं, म्हणून हे लक्षात राहिलं. भाऊ जोरात चालवत होता असंही नाही. गाडी डोलत नव्हती.

तर माझा मुद्दा. ताळेबंद, तुम्ही बिल्ल्यावर खापर फोडताय ते मला पटत नाही. याच किआने २०१९मध्ये अमेरिकेत टेल्युराइड आणली. तीन रांगांची मोठी एसयूव्ही, नाकावर हाच बिल्ला. २०२०ची 'वर्ल्ड कार ऑफ द इयर' ठरली. २०२१मध्ये एकट्या अमेरिकेत नव्वद हजारांहून जास्त गेल्या. लोक छापील किमतीच्या वर पैसे मोजत होते. ही सगळी माणसं किआचं नाव वाचूनच सही करत होती ना? मग स्टिंगरपाशीच ते नाव कसं नडलं? बिल्ला नडला नाही, आकार नडला. लोकांना आता उंच बसायचंय, आई-वडिलांना वाकायला नको, मुलांच्या खुर्च्या सहज बसायला हव्यात. मीही उद्या गाडी घेईन तर टेल्युराइडच घेईन, आणि ते सांगताना मला वाईट वाटतंय, कारण ती परतीची दोन तासांची सीट मला अजून आठवते.

स्पॅनर

मी बारा वर्षं गाड्यांची कामं करतोय, तेव्हा जरा बोनेटच्या खालून बोलतो.

रस्ताभर, गाडी बनवणं आणि गाडी सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे अशीच एका सर्वसामान्य कंपनीची तेज सेडान होती. कंपनीचं नाव घेत नाही, स्टिंगर नव्हे. टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीला जाणाऱ्या रबरी पाइपला बारीक चीर गेली. वेग घेताना फुस्स आवाज यायचा आणि जोर पडायचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरने दोनदा सॉफ्टवेअर बदललं, एकदा स्पार्क प्लग बदलले. पाइप हाताने दाबून कुणी पाहिलाच नाही. शेवटी माझ्याकडे आली. चीर पाच मिनिटांत सापडली, पण पाइप मिळायला सहा आठवडे गेले, कारण त्या मॉडेलशिवाय तो कशालाच लागत नाही.

दोष तिथल्या मुलांचा नाही. दिवसभर छोट्या गाड्यांचं ऑइल बदलणाऱ्या मुलाच्या हाती वर्षातून दोनदा अशी गाडी आली तर तो काय करणार? बीएमडब्ल्यूचा बिल्ला महाग का, तर त्याच्यामागे रोज तेच काम करणारा हात असतो. म्हणून मी बिल्ल्याच्या बाजूने, पण ताळेबंद म्हणतात त्या कारणासाठी नाही.

रस्ताभर

स्पॅनर, तुमचा मुद्दा मी लिहिताना धरलाच नव्हता. ती माझी चूक, मान्य. शोरूमला नवी फरशी घालून भागत नाही, मागच्या शेडमधला माणूस तयार करावा लागतो. पण मला सांगा, तो हात तयार होणार कधी? गाडी दहा-पंधरा वर्षं चालू राहिली तरच ना? मी चिकाटी म्हणतोय ती हीच.

ताळेबंद, 'ई'च्या बिल्ल्याचा तुमचा दाखला बिनतोड आहे, आणि मला तो खुपतो. घरी नाव झाकायला नको होतं. पण नाव झाकल्याने काय साधलं? तिथेही ती काही धो धो विकली नाही.

ताळेबंद

धो धो विकली नाही कारण शेजारीच जेनेसिस जी७० उभी होती! त्याच ह्युंदाई समूहाची, त्याच वर्षीची, त्याच मांडणीवरची, वरच्या मॉडेलला तेच ३.३ लिटरचं इंजिन. जेनेसिस हा वेगळा ब्रँड समूहाने २०१५मध्येच काढला होता. जी७०ला २०१९चा 'नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर' मिळाला. स्टिंगर आदल्या वर्षी शेवटच्या तिघांत येऊन राहिली. एकाच स्वयंपाकाची दोन ताटं, मान कुठल्या ताटाला मिळाला बघा.

टोयोटाला हे १९८९मध्येच कळलं होतं. एलएस ४०० ही आलिशान गाडी काढली ती लेक्सस या नव्या नावाने, वेगळ्या शोरूममधून. टोयोटा म्हणून विकली असती तर मर्सिडीजवाला वळूनही बघता ना.

रस्ताभर

याच उदाहरणाची मी वाट बघत होतो. तीच एलएस ४०० जपानमध्ये कुठल्या नावाने विकली गेली? टोयोटा सेल्सिअर. लेक्सस हे नाव जपानमध्ये आलं २००५मध्ये. म्हणजे सोळा वर्षं जपानच्या माणसाने ती गाडी टोयोटाच्याच दुकानातून, टोयोटाच म्हणून घेतली. कुणाचं काही अडलं नाही, कारण घरी टोयोटाचा शब्द होता, आणि तो वर्षानुवर्षांच्या गाड्यांनी कमावलेला होता. अमेरिकेत तो तेवढा नव्हता म्हणून वेगळं नाव लागलं. नव्या बिल्ल्याने वेळ वाचतो, हे मी मानतो. पण जुन्या नावावर मेहनत घेतली तर त्याचा फायदा त्या घरातल्या सगळ्यात छोट्या गाडीलाही होतो. लेक्ससची पुण्याई कोरोलाला किती मिळाली?

आणि विक्रीचा आकडा धरूनच बोलायचं तर थोडं पुढचंही धरा. ऑस्ट्रेलियात फोर्डची फॉल्कन २०१६मध्ये बंद पडली, होल्डन या तिथल्या कंपनीचा एलिझाबेथ गावचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ला. महामार्गावरच्या पोलिसांना त्यांच्या जागी मागच्या चाकांवर जोर देणारी तगडी गाडी हवी होती. क्वीन्सलंडच्या पोलिसांनी घेतली ती स्टिंगर, व्ही६वाली. रोज आठ-दहा तास, अंगावर सामान लादून, अचानक पूर्ण जोर लावत जी गाडी राबवायची, ती निवडताना त्यांनी बिल्ला पाहिला नाही. आणि बीअरमान २०१८च्या शेवटी अख्ख्या समूहाच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यानंतर २०२२ची, किआचीच विजेवरची ईव्ही६ जीटी आली: ५७६ हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर साडेतीन सेकंदांत. आज किआच्या या आकड्यांवर कुणी भुवई उंचावत नाही. २०१७मध्ये उंचावली होती, स्टिंगरच्या वेळी.

हॅचवाला

ईव्ही६ जीटीचं श्रेय स्टिंगरला देणं जरा ताणलेलं वाटतं. विजेच्या मोटरला जोर काढणं सोपं असतं.

स्पॅनर

जोर काढणं सोपं, पण दोन टनांहून जास्त वजन वळणात सांभाळणं सोपं नाही. डँपर, म्हणजे शॉक अॅब्झॉर्बर, कसे लावायचे, ब्रेक तापले की पेडल कसं वागलं पाहिजे, हे ज्ञान बॅटरीतून येत नाही. ते कुठल्या तरी आधीच्या गाडीवर शिकावं लागतं. इथे मी रस्ताभर यांच्या बाजूने.

ताळेबंद

शिकवणी म्हणून मान्य करायला माझी हरकत नाही. मग सरळ तसं म्हणा, की शिकण्यासाठी खर्च केला. 'उंची गाडी' म्हणून ५० हजार डॉलरच्या आसपास नेऊन उभी करू नका. तिची किंमत ३२ हजारांच्या आत सुरू होत होती, व्ही६ ३८ हजारांच्या थोडी वर. तिथेच थांबले असते, एकच साधं, हलकं, तेज मॉडेल ठेवलं असतं, तर मीही विचार केला असता. माझा आक्षेप वेगावर कधीच नव्हता. गाडीला श्रीमंतीचा मुलामा द्यायच्या घाईवर आहे. किआचा माणूस किमतीला पुरेपूर मोबदला शोधत येतो, त्याला तोच द्यायचा होता.

मधली सीट

हे मात्र पटलं. भावाने सेकंड हँड का घेतली, तर नवी असताना परवडली नसती आणि जुनी तेवढ्याच तरुण जर्मन गाडीपेक्षा खूप स्वस्तात मिळाली. त्याला वॉरंटीही मिळाली, किआची तिथे सात वर्षांची असते, मालक बदलला तरी चालू राहते. ज्या बिल्ल्यामुळे पहिल्या मालकाचं नुकसान झालं, त्याच बिल्ल्यामुळे दुसऱ्याला ती गाडी परवडली.

परवा फोनवर त्याला विचारलं, आता बाळ येणार आहे, मोठी गाडी घेणार ना? म्हणाला, बाळाची खुर्ची मागे डावीकडे बसते, मोजून पाहिलंय. बायकोची सीट थोडी पुढे घ्यावी लागेल. तिने होकार दिलाय.

रस्ताभर

ताई, त्यांना सांगा, खुर्ची शक्यतो मागच्या दारातून तिरकी करून आत घ्या. छत उतरतं आहे, सरळ घेतली तर वरच्या चौकटीला घासते.