स्थळ ‘आपल्यातलं’ आहे, एवढं पुरतं का?

शरणपूररोडकर
नाशकात ख्रिस्ती समाज लहान, म्हणून स्थळ आलं की पहिला प्रश्न ‘आपल्यातलं आहे ना?’ ‘हो’ आलं की गाडी थेट पगार आणि फ्लॅटवर. लग्न विश्वासणाऱ्याशीच करावं, याबद्दल मला शंका नाही. पण बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे विश्वास नव्हे. पहिल्या दोन-तीन भेटींतच विचारा: घरात संध्याकाळची प्रार्थना होते का, ती कोण घेतं? दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, एकूण पगारावर देणार की हातात येणाऱ्या रकमेवर? 50 हजारांवर 5 हजार निघतात. घराचा हप्ता सुरू झाला की वाद इथेच पेटतो. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, ‘मुलगा कसा आहे?’ असं मोघम विचारू नका. वर्षभरात प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, किती वेळा आला, ते विचारा.

गोदाकाठ
तत्त्व मान्य. पण नाशिक, मनमाड, संगमनेर, श्रीरामपूर पालथं घातलं तरी शिकलेल्या मुलीच्या तोडीची स्थळं मोजकीच. समंजस अन्यधर्मीय नाकारून नावाचा ख्रिस्ती आणि कामाचा दारुडा पत्करायचा? बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 7व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, अविश्वासी जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये. जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकही आठवा. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा 1895चा, बाईंचा 1900चा. संसार मोडला नाही.

शरणपूररोडकर
ती वचनं लग्न झालेल्यांसाठी आहेत. टिळकांचंही तेच, लग्नानंतर एकाने विश्वास बदलला. आणि मधली ताटातूट बाईंना किती जड गेली! नव्याने लग्न करणाऱ्या विधवेला तोच अध्याय 39व्या वचनात सांगतो: मोकळी आहेस, पण प्रभूमध्येच. दारुड्याला नकार द्यावाच, तो ख्रिस्ती असला तरी.

तीन रविवार
तुम्ही दोघं ‘ख्रिस्ती’ हा एकच गठ्ठा धरताय. कॅथलिक मुलगी आणि सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा) मुलगा असेल तर कॅथलिक चर्चची परवानगी लागते; मुलाचा बाप्तिस्माच झालेला नसेल तर बिशपांची सूट लागते, तीशिवाय चर्च ते लग्न वैध मानत नाही. मुलांना कॅथलिक वळण देण्यासाठी होईल ते सारं करीन, हे वचन कॅथलिक व्यक्ती देते. दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना दिली जाते. इथे फार घरं फसतात: त्यानेही शब्द दिलाय असं सासर-माहेर धरून चालतं आणि बाळाच्या बाप्तिस्म्याला नकार आला की रडारड. पेंटेकोस्टल, म्हणजे मोठेपणी बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचं, स्थळ असेल तर आणखी एक विचारा: लहानपणीचा बाप्तिस्मा मानता, की पुन्हा पाण्यात बुडवून घ्यावा लागेल? फादर किंवा पाळकांकडे जाल ते हॉल बुक करण्याआधी. कागद राहिला तर तारीख हलवता येते, हॉलचा अ‍ॅडव्हान्स सहसा परत मिळत नाही.

गोदाकाठ
हे पटलं. तरी अन्यधर्मीयाशी ठरलंच, तर नुसत्या सप्तपदीवर विसंबू नका. हिंदू विवाह कायद्याला दोघंही हिंदू लागतात. एक ख्रिस्ती असेल तर ते लग्न त्या कायद्याने वैध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केलंय. 1954च्या विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस आणि 3 साक्षीदार लागतात. गणपतीत आरतीला उभं राहायचं का, नैवेद्याचं ताट सुनेने करायचं का, हेही त्या 30 दिवसांच्या आत सासूबाईंसमोर बोलून घ्या.

शरणपूररोडकर
नोटीस लावल्यावर नाही, होकार देण्याआधी. हॉल ठरल्यावर मुलगी ‘नाही’ कसं म्हणणार?