पाळकाच्या चेहऱ्यावर बुरखा की आच्छादन?

प्रश्न: अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नची ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेइल’ (१८३६) ही कथा मराठीत आणते आहे. शीर्षक ‘पाद्रीबुवांचा काळा बुरखा’ असं लिहून ठेवलंय, पण कानाला खटकतं. शिवाय कथेतल्या प्रवचनाचा विषय असलेल्या ‘सीक्रेट सिन’ला ‘गुप्त पाप’ चालेल का?

उत्तर: ‘बुरखा’ अजिबात नको. एक तर वस्तूच वेगळी आहे. कथेतला धर्मोपदेशक हूपर एके दिवशी चेहरा झाकून येतो, आणि तो का झाकला ते कुणालाच सांगत नाही. त्याच्या कपाळावरून क्रेपचं दुहेरी काळं कापड लोंबतं, तोंड आणि हनुवटी उघडीच राहतात. पण त्याहून मोठी अडचण मराठीची स्वतःची आहे. आपल्याकडे बुरखा ‘पांघरतात’ आणि तो ‘फाडला’ जातो. ‘सज्जनपणाचा बुरखा’ म्हटलं की आत ढोंगी माणूस ठरलेलाच. म्हणजे शीर्षकातच निकाल लागला: हूपरने काहीतरी पाप केलंय! कथेतल्या मिलफर्ड गावचे लोक नेमकं हेच करतात. एडगर ॲलन पोसारख्या लेखकानेही १८४२ च्या परीक्षणात त्याच्या हातून गुन्हा घडल्याचं सुचवलं. कथा मात्र शेवटपर्यंत काही सांगत नाही आणि तिची सगळी ताकद त्यातच आहे.

‘घुंगट’ नवरीचा. ‘पडदा’ जवळचा वाटतो खरा, पण प्रकरणावर ‘पडदा टाकतात’. मी ‘आच्छादन’ घेईन. मराठी बायबलमध्ये संदेष्टा मोशे चेहऱ्यावर आच्छादन घेतो (निर्गम ३४). हूपरच्या प्युरिटन (कडक आचाराच्या प्रॉटेस्टंट पंथातल्या) श्रोत्यांना मोशेची ती गोष्ट पाठच असणार.

‘पाद्री’ऐवजी ‘पाळक’ लिहा, आपले प्रॉटेस्टंट लोक तसंच म्हणतात. ‘फादर’ मात्र टाळाच, तो कॅथलिकांचा शब्द.

‘गुप्त पाप’ चुकीचं नाही, पण ‘गुप्त’ला गुप्तदानही चालतं, गुप्तहेरही. ‘लपवलेलं पाप’ म्हटलं तर लपवणाऱ्याला ते ठाऊक असतं. हूपर तर म्हणतो की आपण ते जिवलगांपासूनच नव्हे, स्वतःच्या जाणिवेपासूनही दूर ठेवू पाहतो. म्हणून ‘मनात दडलेलं पाप’. ‘दडणं’ या क्रियापदाला कर्ता लागतो, पण दडवणारा लागत नाही.

आणखी एक मत: ‘दडलेलं’ फार आवडलं. ‘आच्छादन’बद्दल शंका आहे. आमच्याकडे बागेत उसाच्या पाचटाचं आच्छादन करतात, तेच डोळ्यांपुढे येतं.

उत्तर: शंका रास्त आहे. नुसतं ‘आच्छादन’ न म्हणता पहिल्या उल्लेखात ‘चेहऱ्यावरचं आच्छादन’ म्हणा, पाचट आपोआप बाजूला होईल.

प्रश्नकर्ती: दोन्ही शब्द मृत्युशय्येवरच्या वाक्यात घालून पाहिले. ‘मी सभोवार पाहतो, तर प्रत्येक चेहऱ्यावर काळा बुरखा!’ यात हूपर खाटेभोवतीच्या माणसांना ढोंगी ठरवतो आणि स्वतः सुटतो. ‘प्रत्येक चेहऱ्यावर काळं आच्छादन!’ म्हटलं की तोही त्यांच्यातलाच एक होतो. आता ‘आच्छादन’च ठेवते.