शब्दचर्चा: पाहावा, पाहावासा आणि पाहवत नाही

एखाद्या चित्रपटाला 'ग्रेट' म्हणणं आणि एखाद्याला 'रीवॉचेबल' म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सगळ्यांनाच जाणवतं. तरी बोलताना त्यांची सरमिसळ होते. एक जण म्हणतो, 'तो सिनेमा कधीही लागू दे, मी बघत बसतो.' दुसरा म्हणतो, 'म्हणून काय तो थोर झाला?' दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वाद मात्र संपत नाही.

'ग्रेट'साठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही: थोर, श्रेष्ठ, महान, अभिजात, अजरामर. पण ते एकमेकांच्या जागी जसेच्या तसे बसत नाहीत. 'अभिजात' म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला, आता त्याचा अर्थ काळाच्या कसोटीला उतरलेला. 'थोर' माणसाला जास्त शोभतो. 'श्रेष्ठ' या शब्दात तुलना गृहीतच असते, म्हणून याद्या आणि कौल यांच्याशी त्याचं चांगलं जमतं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ ते २००२ या पाच कौलांत 'सिटिझन केन' पहिला राहिला, २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' वर गेला, आणि २०२२ मध्ये पहिला मान मिळाला शांताल आकेरमान यांच्या १९७५ सालच्या 'जान डिएलमन'ला. तीन तास एकवीस मिनिटं एका विधवेचं घरकाम: अंथरूण आवरणं, बूट पुसणं, बटाटे सोलणं. कॅमेरा जागचा हलत नाही. तिच्या दिनक्रमाची आपल्याला इतकी सवय होते की दुसऱ्या दिवशी बटाटे नको इतके शिजले, एवढ्यानेच पोटात गोळा येतो. हा चित्रपट श्रेष्ठ आहे हे मी मनापासून मानतो. पण दिवसभर दमल्यावर सहज म्हणून मी तो लावत नाही, आणि त्याने त्याच्या श्रेष्ठत्वाला बाधाही येत नाही.

आता दुसरी बाजू. 'रीवॉचेबल'साठी लेखात छापता येईल असा सुटसुटीत मराठी शब्द मला हवा आहे. 'पुन्हापुन्हा पाहण्याजोगा' आहे, पण वाक्यात दोनदा आला की वाक्य जड होतं. तुम्ही काय वापरता? (पुढे प्रत्येक मथळ्याखाली एकेक प्रतिसाद आहे.)

पुनर्दर्शनीय?

'पुनर्दर्शनीय' का नाही? श्रवणीय, वाचनीय आहेतच, त्यांच्या शेजारी सहज बसेल. सुरुवातीला कानाला टोचेल, वापरून रुळेल.

'-नीय'बद्दल थोडं

रुळणार नाही असं वाटतं, आणि कारण फक्त जडपणाचं नाही. संस्कृतातला हा प्रत्यय मूळचा 'करण्यास योग्य' या अर्थाचा. पूजनीय, आदरणीय यांत तो अर्थ जसाच्या तसा आहे. मराठीत मात्र काही शब्दांत त्याला गोडीची छटा आली. 'वाचनीय पुस्तक' म्हणजे वाचायलाच हवं असं पुस्तक नव्हे, हातातून ठेववत नाही असं पुस्तक. जड, मोलाच्या ग्रंथाला आपण 'मननीय' म्हणतो. म्हणजे तुम्ही जो भेद शोधताय तो पुस्तकांच्या बाबतीत मराठीने आधीच केलेला आहे: मननीय आणि वाचनीय.

चित्रपटांच्या वाट्याला असा जोड आला नाही. 'प्रेक्षणीय' स्थळांनी नेला. 'दर्शनीय' म्हटलं की रूप डोळ्यांपुढे येतं, अनुभव येत नाही.

बोलण्यात 'बघणेबल' ऐकू येतं. मराठी क्रियापदाला इंग्रजी शेपूट जोडून केलेला शब्द, आणि मला तो जिवंत वाटतो. फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. 'बघणेबल आहे' म्हणजे एकदा बघायला हरकत नाही, वेळ फुकट जाणार नाही. पुन्हापुन्हा बघण्याच्या चित्रपटाला हा शब्द लावला तर त्याचं मोल कमीच होईल.

पारायण

लोक खरं तर काय म्हणतात? 'त्या सिनेमाची पारायणं केली आहेत.' तयार शब्द असताना नवा कशाला?

पारायणात क्रम असतो

पारायण छान शब्द आहे, पण तो प्रेक्षकाची कृती सांगतो, चित्रपटाचा गुण सांगत नाही. पारायण श्रद्धेने होतं तसं अभ्यासासाठीही होतं. चित्रपटाचं संकलन शिकणारा विद्यार्थी एकच प्रसंग शंभरदा बघेल, म्हणून तो चित्रपट आपल्या अर्थाने 'रीवॉचेबल' ठरत नाही.

शिवाय पारायण म्हणजे पार जाणं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आवडते चित्रपट आपण असे बघतो का? 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. तो किती जण सुरुवातीपासून बघतात? घराच्या शोधात असलेले चौघे, त्यांतल्या दोघांनी घेतलेलं बायकांचं रूप, एवढी एक गाठ मनात असली की कुठूनही शिरता येतं. प्रत्येक प्रसंगाला स्वतःचा चढ आणि स्वतःचा शेवट आहे. दहा मिनिटं बघून उठलं तरी काही अर्धवट राहिल्याची रुखरुख नसते. आणि पाठ झाल्यावर नजर मोकळी होते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशा बायकी आवाजात बोलत असतो तेव्हा अशोक सराफ यांच्या चेहऱ्याकडे बघा. पुढचं खोटं काय रचायचं याची जुळवाजुळव तिथे चाललेली दिसते. पहिल्यांदा हे सुटतं, कारण तेव्हा आपण संवादांवर हसत असतो.

हा चित्रपट कौलांच्या याद्यांत नसला तरी मला त्याचं दुःख नाही. तो त्या स्पर्धेत उतरलेलाच नाही.

तिसरंही एक टोक आहे

१६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीचे दोन अ‍ॅनिमेशनपट एकाच तिकिटावर जोडीने लागले: हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' आणि इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. एकात दोन लहान बहिणी, खेड्यातलं जुनं घर आणि झाडीत राहणारा गुबगुबीत टोटोरो. दुसऱ्यात कोबे शहरावरच्या बॉम्बहल्ल्यात आई गेलेला चौदा वर्षांचा सेइता, त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको, आणि भूक. टोटोरो इतका लाडका झाला की पुढे तो स्टुडिओच्या बोधचिन्हावर जाऊन बसला. 'फायरफ्लाइज' पाहिलेले बहुतेक जण मात्र सांगतात, 'फार थोर आहे, पण पुन्हा नाही बघवणार.'

याला रहस्य उलगडल्याचं कारण देता येत नाही. सेइता सुरुवातीलाच आपल्या मृत्यूची तारीख सांगतो. पहिल्या वेळेलाही शेवट माहीत असूनच आपण बघत असतो. मग अडतं कुठे? त्यात गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा आहे. गोळ्या संपल्यावर सेइता त्यात पाणी घालून हलवतो, सेत्सुको ते पिते आणि कुठल्या कुठल्या फळांची चव लागली ते आनंदाने सांगते. त्या डब्यात पुढे काय ठेवलं जाणार आहे हे कळलं की हा आनंदाचा प्रसंगही सोसत नाही. चित्रपटाने आपलं काम इतकं पुरेपूर केलंय की दुसऱ्यांदा त्याच्यासमोर बसण्याचं बळ उरत नाही. 'पाहवत नाही' ही इथे तक्रार नाहीच, दादच आहे.

क्रियापदाकडे बघू या

वरच्या प्रतिसादातल्या 'पाहवत नाही'मुळे माझ्या मनात एक गोष्ट स्पष्ट झाली. आपण विशेषण शोधत होतो आणि मराठीने हे काम क्रियापदाकडे दिलेलं आहे. तीन रूपं शेजारी ठेवा:

हा चित्रपट पाहावा.
हा चित्रपट पाहावासा वाटतो.
हा चित्रपट पाहवत नाही.

पहिलं विध्यर्थाचं रूप. त्यात योग्यता आहे, शिफारस आहे, थोडं कर्तव्यही आहे. दुसऱ्यात त्याच रूपाला एक 'सा' लागला, 'वाटणे' आलं, आणि कर्तव्याची ओढ झाली. तिसऱ्यात मधला काना गेला आणि शक्य क्रियापद आलं, म्हणजे मनाची ताकद किती पुरते याचा हिशेब.

त्याहून मोठा फरक कर्त्याचा आहे. 'पाहावा' या वाक्यात कोणीच माणूस नाही. कोणी पाहावा? कोणीही, सगळ्यांनी. दुसऱ्या दोन वाक्यांत माणूस लागतोच: 'मला पाहावासा वाटतो', 'मला पाहवत नाही'. तो उघड लिहिला नाही तरी ऐकणारा मनात भरून घेतो. भूक जशी 'मला' लागते आणि आठवण जशी 'मला' येते, त्याच घरातली ही वाक्यं.

थोरपणावर म्हणूनच वाद घालता येतो. तिथे पुरावे देता येतात: छायाचित्रण, रचना, नंतरच्या दिग्दर्शकांवर झालेला परिणाम. पाहावासा वाटण्यावर वाद घालताच येत नाही. 'तुला तो पाहावासा वाटत नाही' असं कोणी कोणाला कसं सांगणार? आणि 'पुनर्दर्शनीय'ची माझी मुख्य अडचण हीच आहे. चित्रपट आणि प्रेक्षक यांच्या मधे जे असतं, ते तो शब्द एकट्या चित्रपटाला चिकटवतो.

ओढ की सवय?

मुद्दा पटला, पण एक शंका. 'पाहावासा वाटतो' आणि 'समोर आला म्हणून पाहिला' यांतला फरक कसा ओळखायचा? फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' १९४६ मध्ये आला तेव्हा त्याने निर्मात्यांची निराशाच केली. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकट दाखवता येऊ लागला, आणि दर नाताळात तो अमेरिकेच्या घराघरांत दिसू लागला. आज तो पुन्हापुन्हा बघण्याच्या चित्रपटांचा नमुना मानला जातो. ही ओढ चित्रपटाची की कागदपत्रातल्या एका चुकीची?

कागदाने दार उघडलं

दार कागदाने उघडलं हे खरंच. पण नूतनीकरण न झाल्याने मोकळे झालेले इतरही बरेच अमेरिकन चित्रपट होते, तेही केंद्रांना तितकेच स्वस्त पडत होते. सगळ्यांना लोकांनी धरून ठेवलं नाही. सवयीने माणूस पहिल्या काही वेळा बघेल, चाळीस वर्षं नाही बघणार. मी तर म्हणेन, 'पाहावासा वाटणं' कळायला चित्रपट आधी चारदोनदा नुसता डोळ्यांखालून जावा लागतो. पहिल्या भेटीत ते कळत नाही. थोरपणाची चुणूक मात्र अनेकदा पहिल्याच भेटीत लागते.

रमणीय

कोणी हा शब्द कसा आणला नाही? संस्कृत कवी माघाच्या 'शिशुपालवध' काव्यातल्या चौथ्या सर्गातली ओळ बहुतेकांना पाठ असते: 'क्षणे क्षणे यन्नवतामुपैति तदेव रूपं रमणीयतायाः'. तिच्या आधीची ओळ फारशी सांगितली जात नाही आणि इथे तीच कामाची आहे. श्रीकृष्णाने रैवतक पर्वत वारंवार पाहिलेला असतो. तरीही पूर्वी कधी पाहिलाच नसावा तसा तो त्याला विस्मित करतो. ही चर्चाच पुन्हा पाहण्याची आहे! पुन्हा बघताना जे नवं होतं, ते रमणीय.

चित्रपटात हे कसं घडतं, याचं मला सर्वांत आवडतं उदाहरण सिडनी ल्यूमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७). शहाण्णव मिनिटं, खटल्याचा निकाल ठरवायला बसलेले बारा ज्युरी, जवळजवळ सगळा वेळ एकच खोली. पहिल्यांदा आपण निकालासाठी बघतो. दुसऱ्यांदा माणसांसाठी: कोण कोणत्या क्षणी डळमळतो, कोण मत बदलायच्या कितीतरी आधी गप्प झालेला असतो. त्यानंतर कधीतरी भिंती दिसायला लागतात. ल्यूमेट यांनी सुरुवातीचा भाग नजरेच्या वरून टिपला, मधला नजरेच्या उंचीवरून आणि शेवटचा खालून. भिंगंही हळूहळू अधिक लांब पल्ल्याची वापरली, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या होतात आणि शेवटी डोक्यावर छत दिसू लागतं. खोली तेवढीच असते, आपला जीव मात्र घुसमटायला लागतो. हे एकदा कळल्यावर तोच चित्रपट सगळा नव्याने बघावा लागतो. 'पाहावा' आणि 'पाहावासा' दोन्ही रूपं एकाच चित्रपटाला लागावीत असे चित्रपट थोडे, आणि हा त्यांतला.

रमणीय नको, रमणे हवं

माघाची ती आधीची ओळ दिल्याबद्दल तुमचे खरंच आभार. 'रमणीय' हे विशेषण मात्र मी चित्रपटाला लावणार नाही. आजच्या वाचकाला त्यातून डोंगरदऱ्या आणि सूर्यास्तच दिसतील. 'रमणे' हे क्रियापद वापरेन, कारण त्यातही माणूस आहे: 'त्या चित्रपटात मी रमतो.' माझ्या लेखात तुलना करायची तिथे आता 'श्रेष्ठ', पुन्हा बघण्याचा विषय निघेल तिथे 'पाहावासा वाटणारा'. लांबी 'पुन्हापुन्हा पाहण्याजोगा'एवढीच आहे हे मान्य, पण यात ओढ उतरते.

लिंगवचनाचं ध्यान ठेवा

छापायला देणार असाल तर एवढं बघा: चित्रपट पाहावासा वाटतो, चित्रफीत पाहावीशी वाटते, दृश्य पाहावंसं वाटतं. अनेकवचनात चित्रपट पाहावेसे वाटतात, चित्रफिती पाहाव्याशा वाटतात, दृश्यं पाहावीशी वाटतात. 'चित्रपट पाहावंसं वाटतो' असं हल्ली सर्रास छापून येतं, तेवढं टाळा.