मदत हवी आहे: वेबसाइट बघतात बरेच, ऑर्डर मात्र फोनवरच येते

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी मिळून उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे (पापडासारखेच), कुरडया आणि काळा मसाला करून विकतो. होळीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) हंगाम, तेव्हा गल्लीतल्या चार-पाच बायकाही हाताला असतात. सहा वर्षं सगळा धंदा व्हॉट्सॲपवर चालला. गिऱ्हाईक म्हणजे इथून पुण्याला, नाशिकला, सुरतला गेलेली आपलीच माणसं. पण वह्या भरत गेल्या, पत्ते चुकायला लागले, एकीचा मसाला दुसरीच्या पार्सलात गेला. तेव्हा मागच्या दिवाळीत वेबसाइट करून घेतली. अठरा हजार दिले. आमच्या घरात ही रक्कम लहान नाही.

साइट दिसायला छान आहे. उघडली की पाच मोठे फोटो आपोआप सरकतात, मग आमची माहिती, मग पदार्थ. मागच्या महिन्यात चारशेच्या वर लोक येऊन गेले आणि ऑर्डरी आल्या नऊ. फोनवर त्याच महिन्यात साठ. फोन करणाऱ्यांतले निम्मे सांगतात, 'साइट पाह्यली तुमची, छान आहे,' आणि मग विचारतात, 'किलोना भाव कितला शे?' पाव किलोत पापड किती बसतात, बिबडे लाल मिरचीचे की हिरव्या, सुरतला किती दिवसांत येईल, रोज तेच. भाव तर साइटवर आहे! मग विचारतात का?

आता दुसरे एक जण म्हणतात, ही मोडीत काढा, चाळीस हजारांत नवी करून देतो. ज्यांनी पहिली केली ते गेले दोन महिने फोन उचलत नाहीत, आणि साइटचं नाव त्यांच्याच खात्यावर आहे असं परवा कळलं. नवी करू की हीच दुरुस्त होईल? हंगाम तोंडावर आहे, म्हणून विचारते.

धुळेकर_पुण्यात

ताई, मी हेच काम करतो. लिंक मुद्दाम मोबाइल डेटावर उघडून बघितली, कारण तुमचं गिऱ्हाईक तसंच बघणार. पहिला फोटो दिसायला दहाएक सेकंद लागले. गूगलच्या मापाने पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. तुमच्याकडे मोबाइलने काढलेले फोटो जसेच्या तसे चढवलेत, एकेक चार-पाच एमबीचा. हजार-बाराशे पिक्सेल रुंदी आणि वेबपी हा हलक्या फोटोंचा प्रकार ठेवला तर तोच फोटो शे-दीडशे केबीत बसतो, आणि बिबड्यावरचे तीळही नीट दिसतात. पेजस्पीड इनसाइट्स नावाची गूगलची सोय फुकट आहे, तिथे साइटचा पत्ता टाका, कोणता फोटो जड आहे ते कळेल. सरकते फोटो काढूनच टाका. दुसरा फोटो येईपर्यंत कोणी थांबत नाही.

याहून मोठी अडचण मजकुराची आहे. तुमची मराठी अक्षरं ही अक्षरं नाहीतच, चित्रं आहेत. मजकूर डीटीपीवाल्याकडून, म्हणजे छपाईचा मजकूर जुळवणाऱ्याकडून, करून घेतला होता का? छपाईचे जुने फॉन्ट वेबसाइटवर टाकले की अक्षरांचा नुसता गिचमिडा दिसतो, म्हणून त्याचं चित्र करून चिकटवलेलं असतं. त्यामुळे फोनवर ते बारीक दिसतं, मोठं करावं तर फुटतं, आणि गूगलला त्यात 'बिबडे' हा शब्दच सापडत नाही. तुमचे भाव त्या चित्रातच आहेत, ताई. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे व्हॉट्सॲपवर मराठी लिहिता तसं, पुन्हा टाइप करा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. पदार्थांची नावं इंग्रजी अक्षरांतही एकेकदा येऊ द्या, बरेच जण तसंच टाइप करून शोधतात.

चाळीस हजारांची नवी साइट अजिबात करू नका. तुमची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायची तयार सोय) आहे, वरचं सगळं तिच्यातच होतं. पण हात लावायच्या आधी एक करा. ज्यांनी साइट कधी बघितली नाही अशा दोघा-तिघांच्या हातात फोन द्या, 'अर्धा किलो बिबडे मागवा' एवढंच सांगा आणि शेजारी गप्प बसा. बोट दाखवायचं नाही, सुचवायचं नाही. ते कुठे अडतात ते फक्त लिहून घ्या.

भुसावळची_लेक

मी पुण्यात वाकडला राहते आणि असल्या साइटवरून बरंच मागवते. माझं अडतं ते कुरिअरच्या खर्चावर. तीनशेचा माल निवडायचा, नाव, पत्ता, पिनकोड सगळं भरायचं, आणि शेवटच्या पानावर कळतं की पार्सलचे एकशे दहा वेगळे. तिथेच सोडून देते. पैसे जास्त असतात म्हणून नाही हो, आधी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं. पहिल्याच पानावर लिहा ना, महाराष्ट्रात इतके, बाहेर इतके. आणि खातं उघडायची सक्ती नको.

सातपुड्याची_मिरची (नंदुरबार)

ताई, मी लाल मिरची आणि मसाल्यात आहे. दोन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण मला त्या उशिरा कळल्या.

सुरतला पार्सल जातं म्हणता. आपल्याला सुरत शेजारचं गाव वाटतं, निम्मे नातेवाईक तिथेच आहेत. पण नवापूर ओलांडलं की दुसरं राज्य. राज्यात माल विकताना वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. करपात्र माल राज्याबाहेर विकला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. पापडाला जीएसटी माफ आहे, मसाल्यावर ५ टक्के आहे. म्हणजे तुमचं अडकेल ते मसाल्यात. कुरडयांचं तुमच्या सीएला विचारून घ्या. तोवर साइटवर मसाल्यापुढे 'फक्त महाराष्ट्रात' असं लिहा, पिनकोडवरून तसं अडवताही येतं.

साइटवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी क्रमांक, पूर्ण पत्ता आणि तक्रार कोणाकडे करायची त्यांचं नाव व फोन द्या. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची. पेमेंट गेटवेवालेही (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारे) परताव्याचं आणि संपर्काचं पान असल्याशिवाय खातं मंजूर करत नाहीत. गेटवे साधारण दोन टक्के कापतात, वर त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. यूपीआयचा क्यूआर लावला तर तेही वाचतात.

दुसरं, साइटच्या नावाचं. माझंही असंच झालं होतं. नावाची मुदत संपायच्या आत साइट करणाऱ्यांना लेखी कळवा की डोमेन (साइटचं नाव) आमच्या नावावर करा किंवा ऑथ कोड द्या. तो कोड मिळाला की डोमेन तुमच्या खात्यावर आणता येतं. माझ्या वेळी मी भांडत बसलो, मुदत संपली आणि नाव गेलं. पिशव्यांवर छापलेलं होतं ते. तुम्ही भांडू नका, गोड बोलून आधी कोड घ्या. आणि साइटच्या सगळ्या मजकुराची, गिऱ्हाइकांच्या यादीची प्रत आजच काढून ठेवा.

बोरीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखी कळवलं, आणि चार दिवसांनी कोड आला. जीव भांड्यात पडला.

धुळेकर दादांनी सांगितलेलं काल केलं. माझ्या मामी आल्या होत्या, वय ६२, फोनवर व्हिडिओ कॉल रोज करतात. त्यांच्या हातात साइट उघडून दिली आणि गप्प बसले. फार जड गेलं गप्प बसणं. मामींनी आधी बिबड्याच्या फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा करायचा प्रयत्न केला. होईना. मग चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, 'यात लसूण आहे का गं?' मी काही बोलले नाही. त्यांनी फोटोवर बोट दाबलं, काहीच झालं नाही. मागवायचं बटण खाली होतं, तेही इंग्रजीत, त्यावरून त्यांचं बोट दोनदा सरकून गेलं. तिसऱ्यांदा दाबलं तर मोबाइल नंबर मागितला. त्यांनी मुलाचा दिला, घरात सगळ्याला तोच नंबर देतात. ओटीपी गेला हिंजवडीला, मुलगा मीटिंगमध्ये. मामींनी फोन गादीवर ठेवला आणि म्हणाल्या, 'तूच लिहून घे बाई, अर्धा किलो.'

मला रडूच आलं. इतके महिने माझ्या गिऱ्हाइकांनी हेच केलं असणार, आणि मी म्हणत होते की लोकांना साइटचं वळण नाही. त्यांनी फोन करायची तसदी घेतली हेच खूप. जे फोनही न करता गेले ते किती असतील!

रात्री जाऊबाई आणि मी वही घेऊन बसलो. फोनवर काय काय विचारतात ते आठवेल तसं लिहिलं आणि त्यातूनच बिबड्याच्या पानाचा मजकूर केला:

"ज्वारीचे बिबडे. लाल मिरची, लसूण, जिरे, तीळ. मध्यम तिखट. हाताने थापलेले, उन्हात वाळवलेले. अर्धा किलोत साधारण ३५ ते ४०. तळून किंवा विस्तवावर भाजून. पुणे, नाशिक, मुंबई: पैसे आल्यापासून चार ते पाच दिवसांत. विचारायचं असेल तर फोन करा, दुपारी २ ते ७."

खाली एकच मोठं बटण, 'मागवा'. ओटीपी काढला. कुरिअरच्या खर्चाचं पानावर वरच लिहिलं. फोटो नवे काढणार आहोत, एका फोटोत बिबडा हातात धरलेला, म्हणजे आकार कळेल. आणखी काय राहिलं?

भुसावळची_लेक

हा मजकूर वाचूनच मागवावेसे वाटले. एक राहिलं. तुटतात का, ते लिहा. माझ्या आईने पाठवलेले बिबडे दर वेळी अर्धे चुरा होऊन येतात, म्हणून मी विकतचे मागवायला घाबरते. तुम्ही कशात बांधता, तुटले तर काय करता, हे दोन ओळींत सांगा.

बोरीकाठ

खरंच की. आम्ही स्टीलच्या डब्याच्या मापाच्या खोक्यात, मध्ये वर्तमानपत्र न घालता कोरे कागद घालून बांधतो. कडेचे चार-दोन तुटतातच. म्हणून अर्ध्या किलोवर मूठभर जास्तच टाकतो, सासूबाईंचा तसा दंडक आहे. हे कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. आत्ताच पानावर लिहिते.