उत्तर: हळू लिहिणाऱ्या मुलाचा गृहपाठ

मूल हळू लिहितं, गृहपाठ वेळेत संपत नाही, काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी 'टायमर लावून बसवा, आपोआप वेग येतो' असं सुचवलंय, ते आमच्याकडे साफ फसलं. टायमरकडे बघण्यातच लेकाची निम्मी मिनिटं जायची, वर रडारड. मग आठवडाभर मी गुपचूप नोंद ठेवली की नेमका वेळ जातो कुठे. उत्तरं त्याला येत होती! वेळ खात होतं ते समास आखणं, तारीख, अधोरेखित शीर्षक आणि पुस्तकातला अख्खा प्रश्न उतरवून काढणं. बाईंना भेटून विचारलं, नुसता प्रश्न क्रमांक लिहिला तर चालेल का? त्या लगेच हो म्हणाल्या (मला वाटलं होतं वाद घालावा लागेल). समास आता रविवारीच आखून ठेवतो. पूर्वी कोथरूडहून डेक्कनच्या क्लासला निघेपर्यंत वही उघडीच असायची, आता बहुतेक वेळा मिटलेली असते.

एवढं करूनही अक्षरं उलटी पडत असतील, फळ्यावरचं उतरवताना ओळी गळत असतील, तर मात्र आळस समजू नका, तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमता (म्हणजे वाचण्या-लिहिण्यात किंवा गणितात येणारी खास अडचण) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, आणि तसं प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.