स्नेअर की कात्री?

डोळा काढण्याच्या शस्त्रक्रियेत ऑप्टिक नर्व्ह (डोळ्यामागची दृष्टीची नस) कापायला स्नेअर, म्हणजे तारेचा फास, वापरावा, कारण त्याने रक्तस्राव कमी होतो, हे मत अर्धंच पटतं. तार आवळताना रक्तवाहिन्या चेपल्या जातात, हे खरंच. पण त्याच दाबाने ऑप्टिक नर्व्हचं कापलेलं टोकही चिरडतं. रेटिनोब्लास्टोमात (लहान मुलांच्या दृष्टिपटलाचा कर्करोग) पॅथॉलॉजिस्टला नेमकं तेच टोक तपासायचं असतं. तिथे ट्यूमर पोचलाय की नाही, यावर पुढची केमो ठरते. चिरडलेल्या ऊतीत ते धड वाचता येत नाही. म्हणून अशा डोळ्याला कात्रीच, आणि नर्व्हचा तुकडा निदान 10, जमल्यास 15 मिमी लांब.

लांब तुकडा न मिळण्याचं कारण बहुधा कात्री नसतंच. गोल (डोळ्याचा गोळा) पुरेसा मोकळा झालेला नसतो. चारही रेक्टस आणि दोन्ही ऑब्लिक (डोळा फिरवणारे स्नायू) सुटले की गोल सहज फिरला पाहिजे. अडकला तर स्नायू उचलायचा हुक पुन्हा सगळीकडून फिरवा. मीडियल (नाकाकडचा) रेक्टस कापताना गोलाकडे थोडा बुंधा ठेवला की पकडायला बरं पडतं. रेक्टसच्या जोडामागे स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं आवरण) जेमतेम 0.3 मिमी असतो, तिथे सुई किंवा टोकदार फोर्सेप्स नको. गोल फुटला की ट्यूमर खोबणीत सांडतो. मग कात्रीच्या मिटलेल्या पात्यांनी नर्व्ह चाचपायची (ताणलेल्या दोरीसारखी लागते), पाती उघडून मागे सरकवायची आणि एकाच दमात कापायची. रक्त आलं तर लगेच कॉटरी (चटका देऊन रक्त थांबवणारं उपकरण) घेऊन धावू नका. गॉझ भरून 5 ते 10 मिनिटं घट्ट दाब, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.